भिकाजी मेस्त्रीची बावीस अक्षरं

बांद्याच्या बाजारातून गोव्याकडे जाणारा रस्ता जिथे नदीकडे उतरू लागतो, तिथे रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, एका झाडाखाली भिकाजी मेस्त्रीचं काम चालायचं. जाती, पाटे, रगडे, तुळशीवृंदावनाच्या पायऱ्या, देवळाच्या ओट्याला बसवायच्या नावांच्या शिळा, असं जे दगडातून निघेल ते तो काढून द्यायचा. पंचक्रोशीतल्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवरची नावंही तोच कोरायचा. रोमी अक्षरं त्याला वाचता येत नसत. कागदावर जशी असतील तशी तांबड्या मातीची काव लावून दगडावर काढायची आणि हातोड्यानं टाकी चालवायची. अक्षर म्हणजे चित्र, एवढंच त्याचं म्हणणं.

वीस-बावीस वर्षं कानाशी ठणठणाट चालल्यामुळे त्याचा डावा कान पुरता गेला होता. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर ऐकू यायचं. सुरुवातीला लोक तसं बोलत. मग हळूहळू त्यांना कंटाळा आला. गिऱ्हाईक यायचं, हातानं माप दाखवायचं, मान हलवायचं आणि जायचं. भजनाला तो पूर्वी टाळ घेऊन बसायचा, पण एकदा सगळे थांबल्यावरही त्याचा टाळ वाजत राहिला आणि पोरं हसली. तेव्हापासून तो देवळात मागे खांबाला टेकून बसू लागला. बायको यशोदा वालावलीची. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. घरात बोलायला कोणी नाही आणि असतं तरी ऐकू आलं नसतं, असं तो स्वतःच हसत सांगायचा. ऐकणारा हसायचा नाही.

छप्पन्न सालच्या आषाढात कस्टमच्या नाक्यावरचे साहेब हाईम आवासकर यांची आई वारली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं, हद्द बंद झाली होती आणि नाक्यावर कडक पहारा असे. आवासकर अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. बोलणं आपल्यासारखं मराठी, आईला ‘आई’च म्हणणार, पण शनिवारी चूल पेटवायचे नाहीत. बायकोमुलं मुंबईला शाळेसाठी राहिलेली. म्हातारी रिबकाबाई मात्र लेकाला घासभर गरम जेवण मिळावं म्हणून हट्टानं बांद्याला येऊन राहिली, आणि तापानं चार दिवसांत गेली. पावसामुळे बोटी बंद. मयत अलिबागेला नेणं शक्य नव्हतं. शेवटी महादू राऊळ नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या काजूच्या बागेतला उतारावरचा एक कोपरा दिला. आवासकरांच्या धर्मात मेलेल्यासाठी एक प्रार्थना आहे, ती म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. बांद्यात एकच होता. नाक्याचे शिपाई छत्र्या धरून उभे राहिले, आणि ती प्रार्थना न म्हणताच आवासकरांनी आईवर माती लोटली.

वर्षानं ते दगड करून घ्यायला रतांब्याखाली आले. हातात कागद होता. वर चार ओळी परक्या अक्षरांच्या, खाली मराठीत नाव आणि तारीख.

“ह्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या,” त्यांनी कानाशी येऊन सांगितलं.

“माका वाचूची नाय सायब, कोरूची आसत,” भिकाजी म्हणाला.

बारा दिवसांत त्यानं दगड केला. काळा, घट्ट, आरशासारखा घासलेला. आवासकर बघायला आले तेव्हा तो अंगठ्यानं अक्षरांतली भुकटी काढत होता. त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाशी आल्यावर ते थांबले. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“काय झाला?” भिकाजीनं विचारलं.

त्यांनी काडी उचलून धुळीत दोन अक्षरं काढली. वर आडवी रेघ, उजव्या टोकाला खाली उतरणारा पाय. दोन्ही सारखीच. मग एकाच्या मागच्या कोपऱ्याला त्यांनी तांदळाच्या कणीएवढं टोक काढलं.

“हे टोक असलं तर हे अक्षर दालेथ. कोपरा गोल झाला तर रेश. शब्द आहे ‘एहाद’. देव एक आहे, त्यातला ‘एक’. आई शेवटी हाच शब्द बोलली. तुम्ही टोक गोल केलंत. आता तो शब्द झाला ‘अहेर’. म्हणजे दुसरा.”

भिकाजीनं दगडाकडे वाकून पाहिलं. त्याला आठवलं, त्या जागी दगडाची एक बारीक कपरी उडाली होती, म्हणून त्यानं कडा सफाईनं वळवून घेतली होती. दिसायला बरं दिसत होतं. त्यानं कोपऱ्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“इतक्याशा फातरान देवच बदालतो?”

“आमच्यात तसंच मानतात.”

“मगे तुमच्या लोकांनी ह्यां काम माझ्यासारख्या आंधळ्याक देवचा न्हय.”

उडालेली कपरी परत चिकटवता येत नाही. त्यानं तो दगड उलटा करून बाजूला ठेवला आणि नवा घेतला. मात्र टाकी हातात घेण्याआधी तो नाक्यावर गेला आणि साहेबांना म्हणाला, “माका ती अक्षरां शिकवा. सगळी. न वाचता कोरूचंय नाय आता.”

असं ते सुरू झालं. शनिवारी साहेबांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. आवासकर पानसुपारीची डबी घेऊन यायचे, भिकाजी त्यांच्यासाठी एक रगडा उलटा घालून त्यावर गोणपाट टाकायचा. पहिल्या रविवारी त्यांनी पहिलं अक्षर काढलं. आलेफ.

“ह्याचो उच्चार?”

“उच्चार नाही. ह्याला आवाजच नाही. पुढे-मागे जो स्वर येईल तो त्याच्या अंगावर बसतो. हे स्वतः गप्प असतं.”

“म्हणजे तुमकाय आयकाक येणा नाय?”

“कोणालाच ऐकू येत नाही.”

भिकाजी एकदम हसला. इतका मोठ्यानं, की रस्त्यानं जाणाऱ्या दोन कोळणींनी पाट्या सावरत वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अशी गोष्ट निघाली होती, की जी त्यालाही ऐकू येत नव्हती आणि साहेबांनाही नाही.

दसऱ्यापर्यंत त्याची बावीसही अक्षरं झाली. नवा दगड उतारावर बसवला गेला. आवासकरांनी दालेथच्या टोकावर बोट ठेवून डोळे मिटले. काम संपलं होतं, पण पुढच्या रविवारीही ते आले आणि गोणपाटावर बसले. कुठे जाणार होते? नाक्यावर लोक सलाम करत, बोलत कोणी नसे. शिवाय ज्याची नेमणूकच गोव्यातून येणारं सामान पकडण्यासाठी आहे, त्याच्याशी बाजारात कोण मोकळं बोलणार?

त्या दिवशी त्यांनी कापडात गुंडाळलेली एक जाड वही आणली. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत कारकून होते. तिथे बगदादहून आलेला एक म्हातारा विद्वान त्यांना भेटला, आणि सहा वर्षं त्याच्याकडून जे ऐकलं ते वडिलांनी मराठीत लिहून ठेवलं होतं. आवासकर म्हणाले, “ह्या विद्येला कबाला म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘घेतलेलं’. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात आलेलं. आमच्या बेने इस्राएलांत फारसं कोणी शिकत नाही. मीही वाचलेलं नाही.”

“कित्याक?”

आवासकरांनी पहिलं पान उघडून दाखवलं. वडिलांच्या हातचे तीन नियम होते. चाळिशीआधी वाचू नये. एकट्यानं वाचू नये, सोबती हवा. आणि वाचलेलं कुजबुजत सांगावं, चव्हाट्यावर सांगू नये.

“मी अडतीसचा,” आवासकर म्हणाले, “आणि सोबती मिळालाच नाही.”

“माका एक्केचाळीस सरली.” भिकाजीनं दगडाची धूळ झटकून हात धोतराला पुसले. “माझ्या वयात तुमी दोन वर्सां लपा.”

आवासकरांना प्रश्न पडला. हा माणूस आपल्या धर्माचा नाही, शास्त्र शिकलेला नाही. वडील असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. मग त्यांनी वही गुडघ्यावर घेतली. पहिले दोन नियम पाळता येण्यासारखे होते, तिसरा मात्र त्याच दुपारी मोडला. भिकाजीला कुजबुज ऐकू येणंच शक्य नव्हतं. हजारो वर्षं कानोकान चालत आलेली ती विद्या बांद्याच्या रस्त्यावर, रतांब्याखाली, कस्टमच्या साहेबांनी घसा खरवडून ओरडत सांगितली.

वहीत होतं ते असं. सगळ्याच्या आधी जो होता त्याला नाव नाही. त्याला फक्त ‘ज्याला अंत नाही तो’ एवढंच म्हणतात. सगळीकडे तोच भरलेला, त्यामुळे दुसऱ्या कशालाही जागा नव्हती. म्हणून तो स्वतःच मागे सरला. स्वतःला आखडून घेतलं आणि मध्ये जागा मोकळी केली, आणि त्या जागेत जग झालं. जग झालं ते ह्याच बावीस अक्षरांनी.

भिकाजीनं हात वर करून त्यांना थांबवलं. उठून एक अर्धवट शिळा आणली, तिच्यावर मराठी ‘श्री’ कोरलेला होता.

“बघा. शाईचा अक्षर वर चडता. फातराचा तसा नाय. फातर काडलो तेवडो अक्षर. जंय फातर नाय, थंय अक्षर आसा.” तो खाचेतून बोट फिरवत होता. “तो मागे सरलो म्हणतत तां माका समाजता. ह्यां तर मी रोज करतंय.”

आवासकरांनी वहीच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेतलं.

एकदा भिकाजी म्हणाला, “ह्यां आमच्या ब्रह्मासारख्याच झाला.” आवासकरांनी पान उलटून वडिलांची एक ओळ त्याला दाखवली. ऐकलेलं लगेच आपल्याजवळच्या गोष्टीशी जोडू नये, थोडा काळ परकं राहू द्यावं. भिकाजीला ती ओळ फार पटली. पुढे तो तसं म्हणायचा नाही. आठवडाभर एकच वाक्य तोंडात घोळवत दगड फोडायचा. रविवारी जे वाचलं ते सोमवार-मंगळवारी शाळेच्या पुस्तकी अक्षरात स्वतःच्या वहीत उतरवायचा. जाती घडवणारा हात, त्यामुळे ओळ सरळ आणि अक्षरं ठसठशीत.

पण रस्त्यावर ओरडून सांगितलेली गोष्ट रस्त्यावर राहत नाही. एसटीची वाट बघणारे लोक ऐकत. ‘देव मागे सरलो’ एवढंच कोणाच्या तरी कानावर पडलं आणि भिकाजीनं देव सोडला अशी बातमी आरोंद्यापर्यंत गेली. चतुर्थीला त्याचा धाकटा भाऊ गणपत मुंबईहून आला. गिरणीत कामाला होता. त्याची बायको काशीबाई हिनं तर उंबऱ्यावरच विचारलं, “भावजी, तुमी बाटलात म्हणतत तां खरा?”

“कोण म्हणता?”

“सगळोच गाव म्हणता,” गणपत त्याच्या कानाशी ओरडला. “तुका त्या म्हातारीच्या थडग्याकडे गवत काडताना बघलेनी. शुद्धी कर म्हणतत. नायतर गणपतीक हात लावू नको.”

“गवत काडला तर माणूस बाटता?”

“माका विचारू नको. माका ह्या लोकांका तोंड देवचा लागता.”

भिकाजीनं वाद घातला नाही. त्या वर्षी मूर्ती गणपतनं आणली, पूजाही त्यानंच केली. भिकाजी ओटीवर बसून राहिला. आरती चालू झालेली त्याला ऐकू आली नाही. घरातून धूर बाहेर आला तेव्हा कळलं, आणि त्यानं बसल्या जागी हात जोडले. कार्तिकात देवळाच्या नव्या पायऱ्यांचं काम निघालं, ते कुडाळच्या माणसाला गेलं. भिकाजीच्या आज्यानं जुन्या पायऱ्या घातल्या होत्या. त्यावर तो कोणाशी काही बोलला नाही, कारण बोलायला रविवारची दुपार यावी लागायची. रविवारी आवासकरांनी स्वतःहून विचारलं, “माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो का? आपण थांबू या का?”

“थांबान काय करू?” तो म्हणाला. “पायऱ्यो माका आयकाक येणत नाय.”

चार वर्षं ते वाचत होते. पावसाळ्यात नारळाच्या झापांच्या मांडवात, एरवी झाडाखाली. गती अगदी मुंगीची. कधी एक पान महिनाभर पुरायचं. वहीतल्या दहा पायऱ्या, ज्यांतून तो अंतरहित प्रकाश खाली येतो, त्यांची नावं भिकाजीनं दहा वेगवेगळ्या खड्यांवर कोरली होती. कुठला खडा कशाखाली येतो हे तो मांडून बघायचा आणि चुकला की पुन्हा मांडायचा. एकसष्ट सालच्या पावसाळ्यानंतर ते अशा भागाशी आले, की तो प्रकाश धरायला जी भांडी केली होती ती त्याच्या जोरानं फुटली. तुकडे सगळीकडे उडाले. प्रत्येक तुकड्याला थोडा उजेड चिकटलेला राहिला. जगात जे जे आहे ते ह्या फुटीतून आलेलं आहे.

त्या पानावर ते असतानाच डिसेंबरात गोवा मोकळा झाला. बांद्यात पेढे वाटले, लोक नाचत हद्दीपर्यंत गेले आणि परत आले. भिकाजीही गेला. गर्दीत ढोल छातीत वाजत होते, तेवढे त्याला कळले. हद्द राहिली नाही म्हटल्यावर तिच्यावरच्या नाक्याचं काय काम? जानेवारीत आवासकरांना मुंबईला हजर व्हायचा हुकूम आला. आठ दिवस हातात होते.

त्यांनी वही आणून भिकाजीच्या हातात दिली. “ही वडिलांच्या हातची आहे, ती मला न्यायला हवी. पण आठ दिवस तुमच्याकडे ठेवा. राहिलेली पानं उतरवून घ्या.”

शेहेचाळीस पानं झाली होती, जवळजवळ तितकीच उरली होती. भिकाजीनं वही कपाळाला लावली, उघडली, झालेल्या पानाशी रतांब्याचं पान खूण म्हणून ठेवलं आणि मिटून परत दिली.

“एकट्यान वाचूचा नाय असा पयल्या पानार लिवलाहा. वाचल्याशिवाय उतरूक माका येवचा नाय. एकदा काय झाला तां तुमका म्हायत आसा.”

“अहो, मी परत कधी येईन सांगता येत नाही.”

“तुमी रजेर येशात तेवा वाचू.”

आवासकरांनी पुष्कळ सांगून पाहिलं. तो हटला नाही. निघायच्या दिवशी दोघं उतारावर गेले, कबरीवरची काजूची पानं दोघांनी मिळून काढली. आवासकरांनी एक लहान खडा उचलून दगडावर ठेवला. त्यांच्या रीतीप्रमाणे फूल ठेवत नाहीत. मग ते एसटीत जाऊन बसले.

ते रजेवर आलेच नाहीत. मुंबईत वर्षभर राहून त्रेसष्टमध्ये सगळं कुटुंब इस्राएलला गेलं. त्यांचे बरेचसे लोक तेव्हा जातच होते. बीरशेबा नावाच्या वाळवंटी गावातून पत्र आलं. तिथे एका कारखान्यात नोकरी मिळाली होती, हवा कोरडी होती, मासे चांगले मिळत नव्हते. भिकाजीनं उत्तर लिहिलं. कबरीजवळची एक फांदी मोडली ती तोडून टाकली, दगड नीट आहे. मग बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते लिहिलं. आपण चुकलो, तेव्हा उतरून घ्यायला हवं होतं. आता साहेबांनी एकेक पान पत्रातून पाठवावं. ते तिकडे वाचतील, आपण इकडे वाचू, म्हणजे एकट्यानं वाचल्यासारखं होणार नाही.

उत्तराला पाच महिने लागले. आवासकरांनी लिहिलं होतं की बोटीत ट्रंकेत पाणी शिरलं. वही वाळवली, पण शाई सगळी पसरली. आत निळे डाग तेवढे आहेत. ‘तुमच्याबरोबर जेवढं वाचलं त्यापलीकडे मीही कधी वाचलं नव्हतं. इथे विचारावं तर लोकांची भाषा मला अजून नीट येत नाही, आणि त्यांना माझी. तुमच्याजवळ आहे तेवढंच आता वडिलांचं उरलं.’

पत्र वाचून भिकाजी कामाला बसला. एक पाटा अर्धा झाला होता, तो त्यानं संध्याकाळपर्यंत पुरा केला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याला एकच विचार छळत राहिला. भांडी फुटली इथपर्यंत त्याला ठाऊक होतं. पुढे काय, ते ठाऊक असलेलं माणूस ओळखीत एकही नव्हतं. फुटलेलंच राहिलं असेल तर इतकी पानं कशाला लिहिली असतील? आणि नीट झालं असेल तर कोणी केलं? आपल्या हट्टानं आपण स्वतःला फुटीपाशी सोडून आलो. दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय नव्हती.

पासष्ट सालच्या मार्गशीर्षात तो वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबईला गेला. गणपतकडे उतरला, आणि काय काम आहे ते न सांगता मांडवीकडे विचारत विचारत एका ज्यू प्रार्थनालयात पोचला. पुष्कळशी बाकं रिकामी होती. प्रार्थना म्हणणारे म्हातारे हज्जान ओसरीवर ऊन घेत बसले होते. भिकाजीनं पायातल्या वहाणा काढल्या आणि आपली वही पुढे केली.

म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला. पहिली दोन पानं वाचून त्यांनी वर पाहिलं. “हे कोणी लिहिलं?”

“मीयां.”

“तुम्ही आमच्यातले?”

“नाय. मी बांद्याचो पाथरवट.”

हे दोन प्रश्न भिकाजीनं अंदाजानं ओळखले, पुढचं त्याला ऐकू जात नव्हतं, आणि कळलं की हज्जानांनाही कमीच ऐकू येतं. दोघं एकमेकांच्या कानात ओरडू लागले. आतून एक बाई घाबरून बाहेर आली आणि बघून परत गेली. हज्जानांनी शेहेचाळीसही पानं वाचली. दुपार झाली. शेवटचं पान मिटून ते म्हणाले, “एवढं तर मलाही माहीत नव्हतं. पुढचं सगळं मला येत नाही. लहानपणी ऐकलं तेवढं सांगतो. तुकडे सगळ्यांत पडलेत. जेवणात, लाकडात, दगडात, माणसाच्या भांडणात. जो कोणी जे काम मन लावून नीट करतो, त्या कामातला उजेड तो उचलून वर देतो. तसं करत करत जग सांधायचं. ते देव एकटा करत नाही. आपल्यावर सोडलंय.”

“किती झाला?”

“काय?”

“सांदून. किती झाला?”

हज्जान हसले. “ते लिहिलेलं मी कुठे वाचलं नाही.”

“तुमी माका पुडचा शिकवशात? मी हयसर रवतंय. भावाची खोली आसा.”

म्हाताऱ्यांनी त्याचा हात हातात घेतला. चैत्रात तेही मुलाकडे इस्राएलला निघाले होते. कागदपत्रं झाली होती. “तुम्ही दहा वर्षं आधी यायचं होतं,” ते म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले, की भिकाजीनं ते ओठांवरून ओळखलं.

तो चौथ्या दिवशी परत निघाला. बोटीवर डेकच्या एका कोपऱ्यात बसून हज्जानांनी सांगितलेलं त्यानं सत्तेचाळीसाव्या पानावर लिहिलं. सहा ओळी झाल्या. बाकीचं पान आणि त्यापुढची पानं कोरीच ठेवली.

बांद्यात त्याचं तसंच चाललं. ज्या रागानं देवळाच्या पायऱ्यांचं काम गेलं, तो राग गाव विसरला. दोन वर्षांनी दीपमाळेचा चौथरा ढासळला तेव्हा माणसं त्यालाच बोलवायला आली, आणि तो गेला. कोणी माफी मागितली नाही, त्यानंही मागायला लावली नाही. मात्र काम करताना तो पूर्वीपेक्षा सावकाश झाला. चौथऱ्याच्या आतल्या बाजूचे, कोणाला कधी दिसणार नाहीत असे दगडही तो घासून बसवायचा. हाताखालचे गडी म्हणत, म्हाताऱ्याला वेळेचं भान उरलं नाही. रविवारी दुपारी तो वही काढायचा आणि गोणपाट टाकलेल्या रगड्यासमोर बसून झालेली पानं पुन्हा वाचायचा. मोठ्यानं वाचायचा. येणारेजाणारे ‘मेस्त्री पोथी वाचता’ म्हणून पुढे जात.

अडुसष्ट सालच्या वैशाखात सावंतवाडीच्या मुलींच्या शाळेतल्या सुशीलाबाई तेंडोलकर वडिलांच्या नावाची शिळा सांगायला आल्या. रविवार होता. त्यांनी मजकुराचा कागद दिला, आणि मांडून ठेवलेले ते दहा खडे बोटानं दाखवून विचारलं, “हे काय आहे?”

भिकाजीला वाटलं, बाई सहज विचारत आहेत. त्यानं दोन शब्दांत सांगितलं. बाई रगड्यावर बसल्या, त्याच्या उजव्या बाजूला सरकल्या आणि खणखणीत शाळामास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, “नीट सांगा.”

त्यानं सांगितलं. सात वर्षांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता. बोलताना मध्येच शब्द सापडेनात, मग खाचेत बोट घालून दाखवलं. बाईंनी मध्ये एकदाही मान उगाच हलवली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “एक कळलं नाही. तो मागे सरला आणि जागा मोकळी झाली म्हणता. मग त्या जागेत तो नाही? नसेल तर त्याला अंत आला की. आणि असेल तर जागा मोकळी कशी?”

शेहेचाळीस पानं भिकाजीनं शेकडो वेळा वाचली होती, पण हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आवासकरांनाही नाही.

“माका म्हायत नाय,” तो म्हणाला.

“विचार करून ठेवा. मीही करते,” बाई म्हणाल्या. तेवढ्यात सावंतवाडीची एसटी आली. त्या छत्री सावरत धावल्या आणि चढताना काहीतरी ओरडून बोलल्या. काय ते त्याला कळलं नाही. ‘येते’ असेल, किंवा शिळा कधी होईल असं विचारलं असेल.

भिकाजीनं वही उघडून हज्जानांच्या सहा ओळींखाली बाईंचा प्रश्न लिहिला. मग तोच प्रश्न एका आंतरदेशीय पत्रावर लिहिला, आणि बीरशेबाला ते चालत नाही हे आठवून दुसऱ्या दिवशी पोस्टातून निळं हवाई पत्र आणून पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. आठवडाभर तो खुशीत होता. पाण्याला जाणाऱ्या बायकांना हाक मारून त्यानं रस्त्यातला धोंडा बाजूला करून दिला.

पुढच्या रविवारी त्यानं रगडा धुतला, नवं गोणपाट घातलं आणि बाजारातून दोन केळी आणून ठेवली. सावंतवाडीहून दोन गाड्या येऊन गेल्या, बाई उतरल्या नाहीत. तिसरी येऊन गेली तेव्हा त्यानं केळी सोलून खाल्ली, सुशीलाबाईंच्या वडिलांची शिळा ओढून सावलीत घेतली आणि काव कालवायला बसला.